खोडाचा घेर, फळाची फुगवण : मावळातल्या बागेसाठी मोजमापाची पद्धत

कामशेतहून नाणे मावळात शिरले की वडिवळे धरणाचे पाणी लागते. इंद्रायणीला मिळणाऱ्या कुंडली नदीवरचे हे मातीचे धरण पावसाळ्यात तुडुंब भरते. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. पुढचे आठ महिने जमीन वाळत जाते. भातखाचराच्या बांधावर किंवा उताराच्या मुरमाड जमिनीत लावलेले आंब्याचे कलम नेमके याच आठ महिन्यांत मोहरते, फळ धरते आणि ते पोसते. धरण डोळ्यांसमोर असले तरी उंचावरच्या कलमाच्या मुळाशी ते पाणी आपोआप पोहोचत नाही. ते कधी द्यायचे आणि किती, हे बागायतदारालाच ठरवावे लागते.

हा निर्णय बहुतेक ठिकाणी अंदाजाने होतो. माती उकरून पाहिली जाते, पाने मलूल दिसतात का ते पाहिले जाते, शेजारी पाणी देतो आहे का तेही पाहिले जाते. आंब्याचे पान मात्र जाड आणि चिवट. ते सहजासहजी मान टाकत नाही, आणि टाकते तेव्हा फळाच्या वाढीचे चार-सहा दिवस आधीच वाया गेलेले असतात. त्याच्या कितीतरी आधी झाडाचे खोड बदललेले असते. हा बदल डोळ्यांना दिसत नाही, पण मोजता येतो. खोडासोबत फळही नियमाने मोजले, तर झाडाला ताण बसू लागला आहे का आणि त्याची झळ फळाला लागते आहे का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे वहीत मिळू लागतात.

खोड दिवसभरात बारीक का होते

झाडाचे खोड पहाटे सर्वांत जाड असते. ऊन चढले की पानांमधून पाण्याची वाफ होऊ लागते. मुळे जेवढे पाणी पुरवतात त्याहून अधिक पाणी पानांतून निघून जाते. ही तूट भरून काढण्यासाठी सालीखालच्या जिवंत थरातले पाणी लाकडातल्या नळ्यांकडे ओढले जाते. हा थर म्हणजे झाडाची टाकी. दिवसा ती थोडी रिकामी होते, रात्री पुन्हा भरते. दुपारी दोन-तीनच्या सुमारास खोड सर्वांत बारीक होते. संध्याकाळी पानांची रंध्रे मिटतात, मुळे रात्रभर पाणी ओढत राहतात आणि पहाटेपर्यंत खोड पुन्हा फुगते. व्यासातला हा फरक काही दहा ते काहीशे मायक्रॉनचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

झाडाची अशी सूक्ष्म हालचाल मोजण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जगदीशचंद्र बसूंनी झाडाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र बनवले. फरीदपूरचा एक खजुराचा माड संध्याकाळी वाकत असे आणि सकाळी पुन्हा वर येत असे. लोक त्याला प्रार्थना करणारे झाड म्हणत. बसूंनी त्याला मापनयंत्र जोडले आणि ही हालचाल तापमानातल्या चढउताराशी बांधलेली आहे हे दाखवून दिले. अमेरिकेत डॅनियल मॅकडूगल यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत खोडाच्या जाडीची सलग रेघ कागदावर काढणारे यंत्र वापरात आणले. आज ज्याला डेंड्रोमीटर म्हणतात त्याचा हा पूर्वज.

खोडातल्या नोंदी वाचण्याचे काम पुण्यातही झाले आहे. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी ठाणे परिसरातल्या सागाची वाढवर्तुळे आणि तिथले हवामान यांचा संबंध तपासणारा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. सागाच्या लाकडात वर्षाला एक वर्तुळ पडते आणि त्या वर्षीच्या हवामानाचा ठसा त्याच्या रुंदीत उरतो. लाकडातले वर्तुळ वर्षाचा हिशेब देते, खोडाभोवतीची पट्टी आठवड्याचा देते आणि विजेवर चालणारा संवेदक तासातासाचा. बागायतदाराला आठवड्याचा हिशेब बहुतेक वेळा पुरतो.

तीन आकडे, दोन निष्कर्ष

खोडाच्या मोजमापात तीन आकडे महत्त्वाचे असतात : आज पहाटेची जाडी, आज दुपारची जाडी आणि उद्या पहाटेची जाडी. पहिल्यातून दुसरा वजा केला की दिवसाचे आकुंचन मिळते. तिसऱ्यातून पहिला वजा केला की चोवीस तासांतली निव्वळ वाढ मिळते. आकुंचन वाढत चालले असेल तर झाड टाकीतले पाणी जास्त वापरते आहे. उद्याची पहाट आजच्या पहाटेपेक्षा बारीक निघाली, तर रात्रभरातही टाकी भरलेली नाही. ही दुसरी खूण अधिक गंभीर.

आकुंचनाचा आकडा एकटा मात्र फसवतो. कोरड्या, तापलेल्या हवेत भरपूर पाणी मिळालेले झाडही आक्रसते. मार्चमधली दुपार ३५ अंशांची आणि २० टक्के आर्द्रतेची असेल, तर हवेची पाणी ओढण्याची ताकद सुमारे ४.५ किलोपास्कल भरते. जुलैमधल्या २५ अंशांच्या आणि ९० टक्के आर्द्रतेच्या दुपारी ती जेमतेम ०.३ असते. जमीन तितकीच ओली असली तरी दोन्ही दिवसांचे आकुंचन सारखे असणार नाही. यावरचा तोडगा कॅलिफोर्नियातील डेव्हिड गोल्डहॅमर आणि स्पेनमधील एलियास फेरेरेस यांनी २००१ मध्ये मांडला. बागेतल्या काही झाडांना कधीही पाणी कमी पडू द्यायचे नाही आणि बाकीच्या झाडांचे आकुंचन त्यांच्या तुलनेत पाहायचे. गुणोत्तर १ च्या जवळ असेल तर ताण नाही. ते १ च्या वर सरकू लागले की पाणी वाढवायचे.

मावळातल्या छोट्या बागेसाठीही ही युक्ती सोपी आहे. विहिरीजवळचे किंवा नळाजवळचे एक-दोन कलम तुलनेचे म्हणून राखावे. त्यांच्या आळ्यातला वाफसा मोडू द्यायचा नाही, पण चिखलही होऊ द्यायचा नाही. उरलेल्या बागेची प्रत्येक नोंद या झाडांशेजारी ठेवून वाचावी.

पट्टी कशी बसवावी

सर्वांत स्वस्त साधन शिंप्याची टेप. घेर मोजून ३.१४ ने भागला की व्यास मिळतो. ६२.८ सेंटिमीटर घेर म्हणजे २० सेंटिमीटर व्यास. टेपवर एक मिलिमीटरपर्यंतचा फरक कळतो, म्हणजे व्यासातला सुमारे ०.३ मिलिमीटर. महिन्याच्या किंवा हंगामाच्या नोंदीला हे पुरेसे आहे, आठवड्याच्या नोंदीला नाही.

आठवड्याच्या नोंदीसाठी स्टीलची अरुंद पट्टी, एक स्प्रिंग आणि डिजिटल व्हर्नियर कॅलिपर लागतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या कॅलिपरवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत आकडा दिसतो. खोडाच्या घेरापेक्षा वीतभर लांब अशी पट्टी कापावी. तिच्या एका टोकाला पातळ पत्र्याचा कॉलर बसवावा, म्हणजे दुसरे टोक त्यातून सहज सरकेल. सरकणाऱ्या टोकाजवळ पट्टीत एक छोटी आयताकृती खिडकी कापावी. स्प्रिंगचे एक टोक या सरकत्या भागात आणि दुसरे पट्टीच्या अंगावरच्या छिद्रात अशा बेताने अडकवावे की पट्टी खोडाला घट्ट चिकटून राहील, पण साल दाबली जाणार नाही. खोड फुगले की सरकते टोक ओढले जाते आणि कॉलरची कड व खिडकीची कड यांतले अंतर बदलते. तेच अंतर कॅलिपरने मोजायचे. पट्टीच्या कडा आधी कानशीने गुळगुळीत कराव्यात, नाहीतर त्या सालीतही रुततात आणि बोटांतही.

समजा, एका सोमवारी हे अंतर २१.४० मिलिमीटर होते आणि पुढच्या सोमवारी २३.२८ झाले. घेर १.८८ मिलिमीटरने वाढला. त्याला ३.१४ ने भागले की व्यासात ०.६० मिलिमीटर वाढ झाली. घेर व्यासाच्या तिप्पट असल्याने पट्टी लहानसा बदलही मोठा करून दाखवते. हाच तिचा फायदा.

जागा निवडताना काळजी घ्यावी. वनखाते झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजते. आंब्याची कलमे बऱ्याचदा त्याआधीच फांद्या फोडतात. त्यामुळे कलमाच्या जोडाच्या वर आणि पहिल्या फांदीच्या खाली, जिथे खोड सरळ आणि गाठींविना आहे, तिथे पट्टी बसवावी. जागेवर रंगाची बारीक खूण करावी. मावळातल्या पावसाळ्यात सालीवर शेवाळ आणि दगडफूल चढते. ते मऊ ब्रशने काढावे. सुटलेली मेलेली साल हलक्या हाताने खरवडावी, पण हिरवा जिवंत थर उघडा पडू देऊ नये. खोडकिड्याचे छिद्र किंवा डिंकाचा ओघळ दिसला तर ती जागा टाळावी आणि त्या किडीचा बंदोबस्त आधी करावा.

पट्टी बसवल्यानंतरचे पहिले काही आठवडे आकडे विश्वासाचे नसतात. पट्टी खोडावर बसत असते, खडबडीत सालीवर थोडी सरकत असते. त्या काळातल्या नोंदी घ्याव्यात, पण त्यांवरून निर्णय घेऊ नयेत.

यानंतरचा नियम सर्वांत महत्त्वाचा : वाचन नेहमी सूर्योदयाच्या आसपासच करावे. साधे पोलाद एक मीटर लांबीला दर अंशामागे सुमारे १२ मायक्रॉन वाढते. पहाटेच्या आणि दुपारच्या तापमानात २० अंशांचा फरक असेल, तर मीटरभर पट्टी उन्हात ०.२४ मिलिमीटर लांब होते आणि खोड आक्रसल्याचा खोटा आभास देते. खोडाचे खरे आकुंचनही जवळपास तेवढेच असू शकते. दुपारचे आकुंचन नेमके मोजायचे असेल तर पट्टी पुरत नाही. त्यासाठी खोडावर टेकणारा संवेदक आणि दर पंधरा-तीस मिनिटांनी नोंद करणारा डेटा लॉगर लागतो. तो खोडाच्या उत्तरेकडच्या बाजूला बसवावा आणि त्यावर ऊन-पाऊस अडवणारे आच्छादन घालावे. लहान बागायतदारांच्या गटाने मिळून एक-दोन संवेदक घेतले आणि तुलनेच्या झाडाला व नेहमीच्या झाडाला लावले, तर पट्टीच्या नोंदींना चांगली जोड मिळते.

फळ मोजताना

फळ हेही पाण्याचे कोठार आहे. भर दुपारी पाने फळातले पाणीसुद्धा ओढून घेतात आणि वाढीच्या काळातले फळ थोडे आक्रसते. म्हणून फळही पहाटेच मोजावे, खोडाबरोबरच.

महाराष्ट्रात द्राक्षबागायतदारांना हे काम ओळखीचे आहे. निर्यातीच्या मण्याचा आकार पाहण्यासाठी नारायणगाव, नाशिक, सांगलीच्या बागांमध्ये कॅलिपर खिशात असतोच. १६ मिलिमीटरचा मणी १८ मिलिमीटरचा झाला तर व्यास दोनच मिलिमीटरने वाढलेला दिसतो, पण आकारमान ४२ टक्क्यांनी वाढलेले असते. व्यासातला थोडा फरक वजनात मोठा होतो, कारण आकारमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फळाचा व्यास ५ टक्के वाढला तरी आकारमान जवळपास १६ टक्के वाढते.

आंब्यासाठी बागेतून पाच-सहा झाडे निवडावीत आणि प्रत्येक झाडावर चारही दिशांची, हाताच्या उंचीवरची फळे धरावीत. आंब्यात फळगळ मोठी असते. त्यामुळे फळे वाटाण्याएवढी असताना जरा जास्त खुणा कराव्यात. खुणेचा रंगीत धागा देठाला बांधू नये, फांदीला सैल बांधावा. फळ गोटीएवढे झाले की त्याच्या सर्वांत रुंद भागावर न पुसणाऱ्या पेनाने एक ठिपका द्यावा आणि दर वेळी त्याच ठिपक्यावर कॅलिपर टेकवावा. रुंदी आणि लांबी दोन्ही लिहावी. कॅलिपरचे जबडे फळाला स्पर्श करतील एवढेच मिटावेत. सालीवर ओरखडा उठला तर चीक येतो आणि पुढे तिथे डाग पडतो.

सरासरी काढताना एक सापळा टाळावा. गळून पडणारी फळे बहुधा लहान असतात. या आठवड्यात दहा फळांची सरासरी काढली, पुढच्या आठवड्यात उरलेल्या सात फळांची काढली, तर एकही फळ वाढले नसतानाही सरासरी फुगलेली दिसते. म्हणून गळलेल्या फळाच्या जुन्या नोंदीही वेगळ्या काढाव्यात आणि वाढीचा हिशेब शेवटपर्यंत टिकलेल्या फळांवरूनच करावा. गळलेली फळे मात्र मोजून वहीत वेगळी लिहावीत, कारण फळगळ हीसुद्धा ताणाची नोंदच आहे.

प्रत्येक फळाची वाढ सारख्या वेगाने होत नाही. आंबा आणि डाळिंब सुरुवातीला हळू, मध्ये झपाट्याने आणि शेवटी पुन्हा हळू वाढतात. द्राक्ष आणि पुरंदरचे अंजीर यांची वाढ दोन टप्प्यांत होते आणि मध्ये एक थांबा येतो. त्या थांब्यात फळ वाढत नाही म्हणून पाणी वाढवणे चूक ठरते. द्राक्षात मण्यात पाणी उतरण्यापूर्वी मणी पाण्याच्या कमतरतेने लगेच आक्रसतो. पाणी उतरल्यानंतर त्याचा लाकडातल्या नळ्यांशी असलेला संबंध कमी होतो आणि तो आधीइतका लवकर आक्रसत नाही. या दुसऱ्या काळात मण्याचे माप ताण लपवते आणि खोडाचे माप तो दाखवते. दोन्ही मोजायची ती यासाठी.

नोंदी कशा वाचाव्यात

वहीचे एक पान एका आठवड्याला द्यावे. तारीख, खोडाच्या पट्टीचे अंतर, फळांची रुंदी, गळलेली फळे, दिलेले पाणी, पाऊस, आणि दुपार कशी गेली त्याची एक ओळ. दोन-तीन आठवड्यांत आकडे बोलू लागतात.

खोडही वाढते आहे आणि फळही वाढते आहे, तर पाण्याची पाळी तशीच ठेवावी.

फळ वाढते आहे, पण खोडाची वाढ मंदावली किंवा थांबली, आणि झाडावर फळे भरपूर आहेत, तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. भरलेल्या झाडात अन्न आधी फळांकडे जाते आणि खोड मागे राहते. वर्षाआड फळणाऱ्या हापूससारख्या जातीत फळाच्या वर्षी खोडाची वाढ कमी दिसणे स्वाभाविक आहे. तुलनेच्या झाडाचे खोडही असेच मंदावले असेल तर कारण फळांचा भार हेच. तुलनेच्या झाडाचे खोड वाढते आहे आणि बाकीची थांबली आहेत, तर कारण पाणी.

फळ आणि खोड दोन्ही थांबले, तर त्याच दिवशी आळ्यात फूटभर खोल माती उकरून पाहावी. माती कोरडी असेल तर पाणी द्यावे. माती ओली असूनही दोन्ही थांबली असतील तर मुळांकडे पाहावे : मूळकूज, साचलेले पाणी, वाळवी किंवा खोडकिडा.

पहाटेचे खोड सलग दोन-तीन आठवडे बारीक होत गेले, तर पाणी देण्याची वेळ येऊन गेली आहे. अशा वेळी एकदम भरमसाट पाणी देऊ नये. डाळिंबात कोरड्या काळानंतर अचानक आलेल्या पाण्याने फळ तडकते हे सोलापूर भागातल्या बागायतदारांनी पुष्कळदा सोसले आहे. थोडे थोडे पाणी देत तीन-चार पाळ्यांत ओल पूर्ववत आणावी आणि फळाची रुंदी या काळात जवळून मोजावी.

संवेदकाची नोंद असेल तर आणखी एक फसगत टाळावी. ताण वाढत जातो तसे आकुंचन वाढते, पण ताण फार झाला की झाड रंध्रे बंद करून बसते, टाकीही रिकामी असते आणि आकुंचन कमी होऊ लागते. ग्राफवर हे बरे वाटल्यासारखे दिसते. पहाटेची जाडी खाली गेलेली असेल तर ते बरे वाटणे खोटे.

स्वित्झर्लंडमध्ये २०११ पासून ट्रीनेट नावाचे डेंड्रोमीटरचे जाळे चालवले जाते. तिथल्या ५० ठिकाणच्या सात जातींच्या १७० झाडांच्या नोंदींवरून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की खोडाची वाढ प्रामुख्याने रात्री होते, हवा कमी कोरडी असते तेव्हा. तिथली झाडे जंगलातली आणि हवा थंड, पण पाठ आपल्यालाही लागू पडतो. रात्री टाकी भरली नाही तर वाढीचा वेळच निसटतो.

कुठे मोजू नये, काय टाळावे

नारळ, सुपारी, केळी यांच्या खोडात आंब्यासारखा दर वर्षी जाडी वाढवणारा थर नसतो. त्यांच्या घेरावरून वाढीचा हिशेब करू नये. द्राक्षवेलीची साल सुटी असते आणि मिलीबगसाठी ती सोलावीही लागते. तिथे साल काढून स्वच्छ केलेल्या जागी संवेदक बसवावा.

पाऊस सुरू होताच कोरडी साल पाणी शोषून फुगते. जूनच्या पहिल्या सरींनंतर पट्टीवर दिसणारी मोठी उडी म्हणजे वाढ नव्हे. ती सालीची आणि टाकीची भरती असते. खरी वाढ काढायची तर एका पावसाळ्यातली नोंद पुढच्या पावसाळ्यातल्या त्याच आठवड्याच्या नोंदीशी ताडून पाहावी.

खोडाला बोर्डो पेस्ट लावण्यापूर्वी पट्टी काढावी. पेस्ट वाळल्यावर ती पुन्हा त्याच खुणेवर बसवून नव्याने आरंभाचा आकडा लिहावा. पेस्टचा थर पट्टीखाली राहिला तर त्याची जाडी वाढीत धरली जाते. स्प्रिंगमध्ये मुंगळे घर करतात, गुरे खोडाला अंग घासतात. म्हणून वाचनाआधी पट्टी जागेवर आहे का ते हाताने चाचपून पाहावे.

मुद्दाम दिलेला ताण

महाराष्ट्रातल्या फळबागेत ताण नेहमीच वाईट नसतो. डाळिंबाचा बहार धरताना, नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार धरताना पाणी तोडून झाडाला विश्रांती दिली जाते. तो पुरेसा झाला की नाही हे पानगळीवरून आणि अनुभवावरून ठरते. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी जमिनीत उशिरा. त्यामुळे शेजारच्या बागेचे दिवस आपल्या बागेला लागू पडत नाहीत. खोडाची पट्टी इथे उपयोगी येते. पाणी तोडल्यावर पहाटेची जाडी आठवड्यागणिक किती खाली येते ते पाहत राहावे. दोन-तीन हंगामांच्या नोंदी जमल्या की कोणत्या पातळीवर बहार चांगला फुटला आणि कोणत्या पातळीवर फांद्या वाळल्या, हे त्या बागेपुरते कळते.

आंब्यात पाण्याची गरज फळे लागल्यावर असते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या हवामान सल्ल्यांत फळे वाटाण्याएवढी असताना प्रत्येक कलमाला १५० ते २०० लिटर पाणी, पंधरा दिवसांच्या अंतराने, तीन वेळा द्यावे आणि काढणीच्या महिनाभर आधी पाणी थांबवावे अशी शिफारस केलेली असते. ती कोकणासाठी आहे. मावळातली जमीन आणि हवा वेगळी आहे, म्हणून या आकड्यापासून सुरुवात करावी आणि पट्टी व कॅलिपर काय सांगतात त्याप्रमाणे अंतर कमी-जास्त करावे. पंधरवडा संपण्याआधीच पहाटेची जाडी घसरू लागली, तर पाळी दहा दिवसांवर आणावी. आळ्यात पेंढ्याचे आच्छादन घालून तीच घसरण किती दिवस लांबते तेही मोजता येते. भाताचा पेंढा मावळात कमी नाही.

मावळातले वर्ष

सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला की साल स्वच्छ करून पट्ट्या बसवाव्यात. ऑक्टोबरचे ऊन पट्टी बसण्याच्या काळात निघून जाते. नोव्हेंबरपासूनची नोंद धरावी. मोहर येईपर्यंत पंधरा दिवसांतून एक वाचन पुरते. या काळात खोड हळूहळू थांबताना दिसेल. ते झाडाच्या विश्रांतीचे लक्षण आहे, त्यासाठी पाणी देऊ नये.

फळे वाटाण्याएवढी झाली की आठवड्याला एक वाचन सुरू करावे. फळे अंड्याएवढी होईपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक. या आठवड्यांत ढग, धुके, उष्ण वारा यांची नोंद चुकवू नये. घाटमाथ्यावरचा आंबा कोकणापेक्षा उशिरा तयार होतो आणि एप्रिल-मेमधल्या वळवाच्या तावडीत सापडतो. वळवानंतर फळाची रुंदी एकदम वाढली तर त्या आठवड्याच्या नोंदीपुढे खूण करावी. काढणीनंतर त्या झाडाची फळे टिकायला कशी होती हे विचारून तिथेच लिहावे.

काढणी झाली की प्रत्येक झाडाची फळे मोजून त्यांचे वजन घ्यावे आणि ते वर्षभराच्या खोडवाढीसमोर मांडावे. फळ कमी आणि खोडवाढही कमी असलेली झाडे त्या पानावर लगेच उठून दिसतात. त्यांची माती, मुळे आणि निचरा पावसाआधी तपासावा. बांधाच्या कडेला पाणी तुंबत असेल तर चर खणावा, कारण पावसाळ्यात ओल्या मातीत मुळांना हवा मिळाली नाही तर पुढच्या मार्चमध्ये तेच झाड सर्वांत आधी आक्रसेल. जूनच्या पहिल्या आठवड्यात पट्ट्यांच्या स्प्रिंगला तेल द्यावे, गंजलेल्या बदलाव्यात, आणि पावसाळ्यात निदान महिन्यातून एक टिपण चालू ठेवावे.